विहिणीचं झाड

विहीण येणार हे कळलं, तेव्हा जानकीबाई तोंडाने म्हणाल्या, "येऊ दे की, तिच्या लेकाचं घर आहे." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी वेलचीची बरणी वरच्या फळीवर डाळीच्या डब्यामागे सरकवली. मागच्या खेपेला विहिणीने वेलची घातलेला गोड पाव भाजून भाजून अख्खी बरणी संपवली होती. वेलची सांगलीच्या पेठेतली, आणि वाहवा मात्र पावाची.

विहीण म्हणजे मार्लिसबाई. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या. त्यांचा मुलगा ब्रायन हा जानकीबाईंचा जावई. जानकीबाईंची एकुलती एक लेक उल्का सिंगापूरला बँकेत नोकरीला आली, तिथेच तिला ब्रायन भेटला, आणि दोघांनी क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यांची मुलगी इरा, नऊ वर्षांची. सगळं भांडण म्हटलं तर या इरावरून.

म्हणजे भांडण कुणी केलं नाही. मार्लिसबाईंना मराठी येत नव्हतं आणि जानकीबाईंना इंग्रजी जेमतेम. भांडायला निदान एक भाषा लागते. जळायला लागत नाही.

जानकीबाई मे महिन्यात आल्या होत्या. लेकीच्या घरी फार राहू नये, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. पण यजमान गेल्यावर गावाकडच्या घरात भिंतींशी बोलायचं तरी किती? इथे इरा होती. संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावायचं, खाली खेळायला न्यायचं, झोपताना गोष्ट सांगायची. इरा मराठीत ऐकायची आणि उत्तर मात्र शाळेतलं इंग्रजी मिसळून द्यायची, मागे सिंगापुरी 'ला' लावून. पण ऐकायची.

जुलैत मार्लिसबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी इराने तेलाला डोकं द्यायचं नाकारलं. "आजी, लेटर ला. ग्रॅनी ब्रीताची स्टोरी सांगतेय."

कोण ही ब्रीता?

ती मार्लिसबाईंच्या बॅगेतून आली होती. बॅगेत कागदाची एक भलीमोठी गुंडाळी होती, आणि ती उलगडल्यावर हॉलची अर्धी भिंत भरली. त्यावर एक झाड काढलेलं आणि झाडाला फळांसारखे चौकोन लटकलेले. प्रत्येक चौकोनात एक माणूस. तळाशी इरा. तिच्या डाव्या अंगाला ब्रायनकडचे लोक, वर वर चढत थेट छताजवळ गेलेले. मार्लिसबाईंचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी स्वीडन नावाच्या थंड देशातून उपाशीपोटी निघून अमेरिकेला गेले होते, हे उल्काने आईला समजावून सांगितलं.

"आणि हे उजवीकडं काय?" जानकीबाईंनी विचारलं.

"ती आपली बाजू, आई. मी आहे, तू आहेस, बाबा आहेत."

उजव्या बाजूला तीन चौकोन होते. त्यांच्यावर नुसती मोकळी फांदी. अर्ध्या झाडाला कीड लागल्यासारखी दिसत होती.

जानकीबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी त्या दिवशी आमटीत तिखट जरा सढळ हाताने घातलं. मार्लिसबाईंनी घाम पुसत पुसत दोन वाट्या खाल्ल्या आणि "गुड, गुड" म्हणाल्या. हा वारही फुकट गेला.

पण खरी ठिणगी पडली ती इराच्या शाळेमुळे. एकवीस जुलैला सिंगापूरच्या शाळांतून एक दिवस असतो, त्या दिवशी मुलं आपापल्या जातीधर्माचे कपडे घालून जातात. मलय, चिनी, तमिळ, सगळी. इराच्या बाईंनी शिवाय सांगितलं होतं, की प्रत्येकाने आपल्या घराण्यातल्या एका माणसाची गोष्ट वर्गात सांगायची. एकाच माणसाची.

जानकीबाईंनी या दिवसासाठी गावाहून येतानाच इराला खणाचं परकर-पोलकं शिवून आणलं होतं. हिरवं, जांभळ्या काठाचं. कपाटात घडी घालून ठेवलं होतं. आता मार्लिसबाईंनी बॅगेतून स्वीडनकडचा पोशाख काढला: निळा झगा, लाल कंचुकी, पांढरी टोपी. तोही इराच्याच मापाचा. दोन घड्या एकाच कपाटात शेजारी शेजारी बसल्या. आणि रोज संध्याकाळी ब्रीता.

ब्रीताची गोष्ट जानकीबाईंना शब्द न कळताही पाठ झाली, कारण इरा ती दिवसातून चारदा करून दाखवायची. ब्रीता ही मार्लिसबाईंच्या पणजीची आई. स्वीडनमध्ये कुणाच्या तरी शेतावर मोलकरीण. एक रंगवलेली लाकडी पेटी घेऊन एकटी बोटीत बसली. मिनेसोटाला पहिल्याच हिवाळ्यात घरातला विस्तव विझला, काड्यापेटी ओली, नवरा तापाने फणफणलेला. तेव्हा ती लोखंडी भांडं घेऊन गोठलेल्या तळ्यावरून चालत पलीकडच्या शेजाऱ्याकडे गेली, आणि निखारे पदराआड धरून तशीच परत आली. पायाखाली बर्फ कडाडतोय, हातात निखारे.

इराने बर्फ फक्त आइस कचांगमध्ये पाहिलेला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, मिळतो तो, वर रंगीत पाक घातलेला. गोठलेलं तळं म्हणजे तिला स्वर्ग वाटायचा. हॉलच्या फरशीवर ती पाऊल जपून टाकत चालायची, हातात ब्रायनची कॉफीची किटली धरून. मार्लिसबाई तोंडाने बर्फाचा कडकडाट करायच्या.

एकदा जानकीबाईंनी लेकीला विचारलं, "हिला एवढं सगळं कळलं कुठून गं? का रचलंय?"

"रचलेलं नाही, आई. त्यांच्याकडं चर्चच्या वह्या असायच्या. पाद्री दर वर्षी घरोघर जायचा, सगळ्यांना बसवून वाचायला लावायचा आणि प्रत्येकाच्या नावापुढं शेरा लिहायचा. मोलकरीण असली तरी. हे बघ ना, ब्रीताच्या चौकोनात त्यांनी तो शेरा पण उतरवलाय. वाचन कच्चं."

"कच्चं?"

"हो. कच्चं."

जानकीबाई त्या चौकोनाच्या अगदी जवळ गेल्या. दीडशे वर्षांपूर्वीची कुणी एक मोलकरीण. तिला धड वाचता येत नव्हतं, हे सुद्धा कुणी तरी लिहून ठेवलं. कच्ची म्हणून का होईना, लिहिली तर होती! त्यांना स्वतःला अक्षर आलं ते पस्तिशीला, उल्का पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी पाटावर बसून. तेही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी गावी धाकट्या दिराला फोन लावला.

"संजीवभाऊजी, आपल्याकडं हेळवी यायचा बघा. सुगी झाली की बैलावर बसून. घराण्याची नावं म्हणायचा."

"अजून येतो की. आता मोटारसायकलवर येतो. का हो वहिनी? सिंगापुरात जमीन वाटून घ्यायचीय का, पूर्वज गोळा करताय ते?"

"थट्टा पुरे. मूळ पुरुषापासून नावं सांगा."

भाऊजींनी हेळव्याचं म्हणणं उतरवून घेतलेलं होतं. त्यांनी सांगितलं, जानकीबाईंनी लिहून घेतलं, आणि मोजल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू पेढे वाटायची वेळ. चौदा पिढ्या! विहिणीच्या होत्या सात. त्यांनी इराचा चित्रकलेचा कागद घेतला, आपल्या ठसठशीत अक्षरात चौदा नावं एकाखाली एक काढली आणि तो कागद झाडाच्या उजव्या बाजूला चिकटवला. छताला टेकवायला स्टुलावर चढल्या. गुडघा दुखत असताना.

संध्याकाळी सगळे भिंतीपाशी जमले. मार्लिसबाईंनी दोन्ही हात गालांना लावून "फोर्टीन!" म्हटलं. त्या खरोखरच खूश झाल्या होत्या, आणि तेच जानकीबाईंना सहन होईना. हरलेल्या माणसाने निदान हरल्यासारखं तरी दिसावं.

इराने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "आजी, ऑल बॉइज ला. मदर्स कुठेत?"

"आहेत की. सांगते. लिही." जानकीबाईंनी सांगायला सुरुवात केली. "माझ्या सासूबाई अन्नपूर्णा. त्यांच्या सासूबाई जानकी."

"सेम ॲज यू?"

"हो. त्यांच्या सासूबाई अन्नपूर्णा. त्यांच्या..."

"जानकी?" इरा म्हणाली आणि फिदीफिदी हसत सुटली. "आजी! कॉपी-पेस्ट! तुमच्याकडे फक्त दोनच लेडीज होत्या!"

आता हे हिला कसं समजवायचं? त्यांच्या घरात थोरली सून आली, की लग्नात तिचं नाव बदलायचं, आणि नाव ठेवायचं ते आजेसासूचं. म्हणजे आजेसासू घरात परत आली असं म्हणायचं. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव लिहितो, आणि तिथून पुढे बाई तीच. माहेरचं नाव माहेरी राहतं. माहेर संपलं की तेही संपतं.

उल्काने ते इंग्रजीत सांगितल्यावर मार्लिसबाईंनी काही तरी विचारलं. इराने मराठीत आणलं: "ग्रॅनी विचारते, त्यांची फर्स्ट नेम्स काय होती? बदलायच्या आधी? ब्रीताचं नाव मॅरेजनंतर पण सेमच होतं."

"कुणास ठाऊक," जानकीबाई म्हणाल्या, आणि मिरची लागल्यासारख्या आत निघून गेल्या.

त्या रात्री इराने गोष्ट मागितली नाही. पेंगत पेंगत म्हणाली, "आजी, मी ब्रीताच करणार. तुमच्या लोकांची स्टोरीच नाही ना."

आणि तिथे जानकीबाईंचा तोल गेला.

"स्टोरी नाही? कोण म्हणतं? माझ्या आजेसासूबाई, जानकी. कृष्णेवर धुणं धूत होत्या. कृष्णेत मगरी असतात, ठाऊक आहे ना? मगरीनं त्यांच्या पोराचा पाय धरला. आणि त्यांनी काय करावं? हातातलं धोपाटणं, कपडे धुवायचं लाकूड, घेतलं आणि मगरीच्या नाकाडावर असं हाणलं, असं हाणलं, की मगरीनं पोर सोडलं आणि शेपूट घालून पळाली."

इरा ताडकन उठून बसली. "क्रोकोडाइल? रिअल रिव्हरमध्ये?"

"मग काय बादलीत?"

मगरी खऱ्या होत्या. नदी खरी होती. आजेसासूबाईंबद्दल जानकीबाईंना एवढंच ठाऊक होतं, की त्यांना दमा होता.

सकाळी इराने घरात दवंडी पिटली: ब्रीता कॅन्सल, जानकी करणार. परकर-पोलकं घालणार. मार्लिसबाईंनी सगळी गोष्ट ऐकली, टाळ्या वाजवल्या, जानकीबाईंचा हात हातात घेऊन दाबला. मग झाडाच्या उजव्या फांदीवर त्या आजेसासू जानकीसाठी त्यांनी नवा चौकोन जोडला आणि त्यात छोटीशी मगर काढली, हिरव्या पेन्सिलीने, दातांसकट. आणि निळा झगा, लाल कंचुकी, टोपी घडी करून परत बॅगेत ठेवली. जानकीबाई दारातून बघत होत्या. जिंकल्या होत्या. पोटात मात्र गार वाटायचं ते वाटेना.

उल्काने भाजी चिरता चिरता विचारलं, "आई, ही मगर कुठून आली गं? मी तर कधी ऐकली नाही."

"तुला सांगायची राहिली."

"चाळीस वर्षं राहिली?"

"तू विचारलं नाहीस. आता चीर ती भेंडी."

पुढचे चार दिवस घरात मगरीवाल्या जानकीचं राज्य होतं. इरा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन सोफ्यावरच्या उशांना बडवायची. जानकी उंच होती का? जानकी काय खायची? जानकी कधी रडली का? जेवताना जानकी, अंघोळीला जानकी. गंमत अशी, की या आजीला स्वतःबद्दल कुणीच काही विचारत नव्हतं. ब्रीताच्या वेळी निदान विहीण परकी होती, गोऱ्या लोकांची होती, तिच्यावर मनातल्या मनात चिडता येत होतं. ही तर आपणच जन्माला घातलेली. आणि तिने घरात शिरून, आपलंच नाव घेऊन, आपलीच नात पळवली. सवत करून आणावी आणि मग तिनेच आपल्याला चुलीपासून उठवावं, तसं झालं.

रविवारी, शाळेतल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात पाल निघाली. जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. पाल कट्ट्यावरून सुर्रकन आली आणि त्या ओरडत खुर्चीवर चढल्या. पालीची त्यांना लहानपणापासून शिसारी. इरा धावत आली, तिने रॅकेटने पाल खिडकीबाहेर काढली आणि आजीकडे बघून म्हणाली,

"काय आजी! ती जानकी क्रोकोडाइलला घाबरली नाही. तुम्ही लिझर्डला घाबरता. तुमचं नाव तिचं ठेवायलाच नको होतं."

"नव्हती ती तशी!" जानकीबाई खुर्चीवरूनच कडाडल्या. "कुठली मगर अन् कुठलं काय! मीच केली ती! माझी आजेसासू दम्यानं खोकत पडून असायची. झालं समाधान?"

रॅकेट खाली पडली. इराचं तोंड आधी उघडं, मग लाल, मग वाकडं. "यू ब्लफ मी! उद्या माझी टर्न आहे! ग्रॅनीचं सगळं ट्रू असतं आणि तुमचं सगळं ब्लफ!" ती रडत हॉलमध्ये पळाली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. निळा झगा बाहेर निघत होता.

उल्का आणि ब्रायन बेडोकला मित्राकडे गेले होते. आतल्या खोलीत मार्लिसबाई होत्या, पण मराठीत समजूत घालायला कुणी नव्हतं. जानकीबाई खुर्चीवरून उतरल्या आणि पुन्हा ताटासमोर बसल्या. तांदूळ तर निवडायला हवेतच. रात्रीची जेवणं काही मगरीवाचून अडत नाहीत.

त्यांनी तळव्याने तांदूळ सपाट केले. मग, कसं कोण जाणे, बोट त्यात टेकलं. लग्नातलं ताट आठवलं. नवऱ्याने अंगठीने काही तरी ओढलं होतं, रेघा, काने, वळसे. सगळ्या बायका "छान, छान" म्हणाल्या. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. नणंदेने कानात सांगितलं, तेव्हा कळलं की आपण आता कोण. पुढे अक्षर आलं, तेव्हा त्या जानकी असंच लिहायला शिकल्या. सह्या केल्या, पत्रं लिहिली. आधीचं नाव मात्र त्यांनी कधी लिहिलेलंच नव्हतं. लिहिणार कशावर, आणि कुणासाठी?

त्यांनी बोटाने धो काढला. अनुस्वार दिला. मग डू.

"ते काय आहे?" दारात इरा उभी होती. अंगात निळा झगा, डोक्यावर टोपी वाकडी, नाक लाल.

"माझं नाव."

"जानकी नाही लिहिलंय. आय कॅन रीड अ बिट, हां."

"जानकी नंतरची. ही आधीची. धोंडू."

"मीनिंग?"

"धोंडा. दगड. माझ्या आधीची तीन भावंडं गेली. आई म्हणाली, हिचं नाव दगड ठेवा. देवाला वाटेल, दगड कशाला न्यायचा, आणि ही राहील."

इरा जवळ आली. "अँड यू राहिलात."

"दिसतेय ना समोर."

"हे पण ब्लफ?"

"नाही गं बाई. याच्यात मगर नाही, बर्फ नाही. दगड आहे नुसता. एवढं मात्र खरं."

इराने ताटावर वाकून ते नाव पुन्हा एकदा लावून वाचलं. मग ओढतच ग्रॅनीला आणलं आणि भडाभडा सगळं सांगितलं, मगर खोटी असल्याचं सुद्धा. जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला. मार्लिसबाईंनी ऐकलं. हसल्या नाहीत. वाकून त्यांनी तांदळातलं नाव पाहिलं आणि तसंच म्हणायचा प्रयत्न केला. "डोंडू." माहेर संपल्यापासून ते नाव घेणारं पहिलं माणूस ही विहीण निघावी, याचाही जानकीबाईंना थोडा रागच आला.

सोमवारी इरा परकर-पोलकं घालून गेली. धोंडूसाठी, की निळा झगा लोकरीचा होता आणि रात्रभरात तिच्या पाठीवर घामोळं उठलं होतं म्हणून, ते जानकीबाईंनी मुद्दामच विचारलं नाही. डब्यातून तांदूळ नेले. दुपारी आली ती ओरडतच: सगळ्या वर्गाने तांदळात नावं लिहिली, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला दगड हे नाव इतकं आवडलं, की तिने स्वतःसाठी मागून घेतलं.

संध्याकाळी मार्लिसबाई पेन घेऊन झाडापाशी बसल्या. मगर त्यांनी खोडरबराने पुसली होती, शेपटीचं टोक तेवढं राहिलं होतं. त्यांनी पेन जानकीबाईंच्या हातात दिलं. आपल्या चौकोनात, जानकीच्या वर, जानकीबाईंनी धोंडू लिहिलं. मग मार्लिसबाईंनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं आणि स्वतः हात बांधून, मान ताठ करून पाद्र्यासारख्या बसल्या.

"ग्रॅनी म्हणते, वाचा," इरा म्हणाली. "एक्झाम आहे."

जानकीबाईंनी चष्मा लावून वाचलं. तिथी, वार, एकादशी, सूर्योदय, खाली छापलेली मेथीच्या लाडवांची कृती, सगळं. कुठेही अडल्या नाहीत. मार्लिसबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकलं आणि चौकोनात शेरा लिहिला.

"काय लिहिलं?"

"वाचन चांगलं."

जानकीबाईंनी एकदा आपल्या चौकोनाकडे पाहिलं, मग मान वर करून ब्रीताच्या. चांगलं. कच्चं. पोटात पहिल्यांदाच गार वाटलं. पण माणसाचं मन. ते तेवढ्यावर थांबतं थोडंच?

"आणि तुझ्या ग्रॅनीच्या चौकोनात काय शेरा आहे?"

"काही नाही. ब्लँक."

"तिला विचार, मराठी वाचता येतं का."

इराने विचारलं. मार्लिसबाईंनी मान हलवली.

"मग लिहायला सांग तिथं. वाचन कच्चं."

इराने सांगितलं तशा मार्लिसबाई इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग स्वतःच्याच हाताने त्यांनी तो शेरा लिहिला. जानकीबाईंनी तो इराकडून दोनदा वाचून घेतला, नीट लिहिलाय ना म्हणून. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, स्टूल ओढलं, आणि डाळीच्या डब्यामागून वेलचीची बरणी काढून इराच्या हातात दिली.

"दे तुझ्या ग्रॅनीला. पण पुरवून वापर म्हणावं."